कानबाईची पाठवनी

त्या श्रावनात कानबाईपुढं, आमच्या घरात बसनाऱ्या देवीपुढं, गायला आम्ही पाचजनी व्हतो. माही सासू, मोठी जाव, जळगावहून आलेली ननंद, शेजारची काकू अन् मी. आता त्यातली मीच राह्यली.

सासू धुळ्याकडची. कानबाईची गानी पुरी फक्त तिलाच यायची, आम्ही मांगून झील धरायचो, तिचीच वळ परत म्हनायचो. ननंदेच्या घरी टेपरेकॉर्डर आला व्हता. आईची गानी त्यात भरून ठेवायची, असं तिनं उन्हाळ्यातच धरलं. पन सासू गाईना.

"कानबाई बसनी नही, अन् मी कशी गाऊ? तुना डबामा देव शे का?" तुझ्या डब्यात काय देव हाये, म्हने.

मंग श्रावनात रविवारी कानबाई बसली तवा गायली. सोमवारी तिला नदीवर न्यायच्या आंधी पाठवनीची गायली. ननंदेनं टेप संगं आनून सगळी भरून घेतली. ती कॅसेट सासूनं आपल्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवली.

थंडीत सासू गेली. आमच्याकडं मानूस गेलं का त्याची गोधडी, कपडे, सगळं नदीवर टाकतात. जावंनं पेटी रिकामी केली, कॅसेटबी गाठोड्यात घातली. मी म्हनलं, "वैनी, ही राहू द्या." तर म्हने, "आवाजबी तिचाच ना वं? घरात ठेवला तं जीव आडकीन तिचा."

मोठीपुढं मी काय बोलनार? गाठोडं गेलं.

ननंद दहाव्याला आली. पेटी उघडून पाह्यली अन् जावंला म्हने, "कॅसेट कुठं?"

"गोधडीसंगं."

"त्यात तुमचीबी झील व्हती. मंग सोताचा आवाजबी टाकून आल्या का जित्तेपनी?"

जाव उठून चुलीकडं गेली.

ननंद तशीच नदीवर गेली. गोधडी बाभळीला आडकलेली, फीत काट्यात गुतलेली. तिनं ती सोडवून आनली, दोरीवर वाळवली, पेन्सिलीनं गुंडाळली. संगं आनलेल्या टेपात घातली तं नुसती खरखर. मंधीच एकदा टाळी वाजल्यासारखं झालं. ननंद कान लावून बसली, मंग तिनंच बटन दाबून टेप बंद केला.

कानबाई आताबी बसते. नातसुना मोबाईलवर गानी लावतात, ती दुसऱ्या गावची. बसवन्याची दोन-तीन मला येतात, तेवढी भरून घेतली त्यांनी. पाठवनीचं एकबी आठवत नाही. सोमवारी आम्ही मुक्यानंच नदीवर जातो.

तुमच्या घरात कोनी म्हातारी धुळ्याकडची असली, तं तिला पाठवनीची गानी येतात का, तेवढं विचारा. येत असली तं कानबाई बसन तवा तिच्याजवळ बसा, अन् तोंडपाठ करून घ्या.