भिंतीपलीकडची सेफ्टी पिन

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी नवी पेठेतील दवाखान्याच्या बाकावर, गुडघ्यावर ठेवलेल्या नोकरीच्या अर्जाची घडी सरळ करीत बसलो होतो. दंतवैद्य डॉ. बिराजदार यांनी अर्ज बाजूला ठेवला. "बोटं दाखवा," म्हणाले, आणि स्वतःचे बोट पुढे केले. नख चिरलेले, कातडी सुकलेली. "रुग्णाच्या तोंडात एक्स-रेची फिल्म मी वर्षानुवर्षं स्वतः धरली. किरणांनी बोटाचं हे असं झालं. तुम्ही धरायची नाही. ज्याचा दात, त्याचंच बोट." ही आमची पहिली ओळख. माझ्यासारख्या नववी नापास मदतनिसालाही डॉक्टरांनी कधी एकेरी हाक मारली नाही.

आमच्या दवाखान्यात आणि करीमचाचांच्या शिंपीकामाच्या दुकानात फक्त फळ्यांची भिंत होती. एकदा एक्स-रेच्या वेळी पलीकडून हसणे ऐकू आले आणि डॉक्टरांनी बटणावरचा हात काढला. चाचांची सून रजिया काजे करायला त्या भिंतीला टेकून बसू लागली होती. ती गरोदर होती.

डॉक्टरांनी तिला लगेच दुकानात पुढे बसवायला सांगितले. तिच्या पाठीच्या जागी कोऱ्या फिल्मवर सेफ्टी पिन लावून ठेवली. किरण फळीतून जात असतील, तर पिनेचा ठसा उमटणार होता.

आठवड्याने लाल दिव्याखाली मी फिल्म औषधात बुडवली. ती हळूहळू काळवंडली. मधोमध पांढरी पिन.

"डॉक्टर, हे बाहेर कळलं तर दवाखाना बसेल," मी म्हणालो.

"चला," ते म्हणाले.

डॉक्टरांनी दुकानात जाऊन फिल्म दाखवली, तशी चाचांची कात्री थांबली. "फळीतून बी जातंय व्हय, साब?"

"जातं. थोडंच गेलंय, बहुधा काही होणार नाही. पण खात्री मी देऊ शकत नाही."

"अब्बा, पोरगं रातीला चमकंल की!" रजिया हसली, पण तिची सुई थांबलेली होती.

"तुमी सांगितलं नसतं, तर आमाला कुटं कळलं असतं?" चाचा म्हणाले.

"म्हणूनच सांगितलं."

भिंतीवर शिशाचा पत्रा बसेपर्यंत डॉक्टरांनी यंत्र बंद ठेवले. रुग्ण दुसरीकडे गेले, बाजारात कुजबुज झाली. रजियाला तपासणीला नेण्याची व्यवस्था डॉक्टरांनी स्वतः केली. त्या महिन्यांत त्यांचे जेवणाचे डबे अर्धे भरलेले परत जात.

मग एका दुपारी फळी दणाणली. "साब! पोरगी! धडधाकट हाय, लई रडती!"

डॉक्टर रुग्णाच्या खुर्चीत मटकन बसले. त्या खुर्चीत मी त्यांना एकदाच पाहिले आहे.

आज डॉक्टर साठ वर्षांचे होत आहेत. पिन लावलेली फिल्म अजूनही भिंतीपलीकडे असते. कालची स्वच्छ निघाली. ती मुलगी आता आमच्या बाकावर चढून "आ" करून दात दाखवते. तिची अक्कलदाढ डॉक्टरांनीच तपासावी, एवढे आयुष्य आणि असेच स्थिर हात त्यांना लाभोत.