भेवमामा आणि मागचं चाक

भेवमामाला सगळ्याचं भेव वाटायचं. भेव म्हणजे भीती. रोज लागणारी वस्तू म्हणून आमच्याकडे ती आखूड करून घेतली आहे. त्याला विजेचं भेव, विंचवाचं भेव, ट्रकचं, सरकारी माणसाचं, आणि कोणी फार हसायला लागलं तर त्याचंही. आमच्या बंजारा तांड्याच्या तोंडाशी त्याची सायकल दुरुस्तीची टपरी होती. दिवसभर लोकांच्या सायकली नीट करायचा, पण स्वतः कधी सायकलवर बसायचा नाही. बाजाराला निघाला तरी सायकल हातात धरून चालत जायचा. आम्ही पोरी खिदळायचो. तो म्हणायचा, "हसा. भेव म्हंजे बिरिक आहे. बिनबिरिकची सायकल चालवता काय तुम्ही?"

दिवाळी झाली की तो प्रत्येकाच्या मागे लागून मागचं चाक खोलायला मागायचा. हबमधले छर्रे पुसून त्यांना ताजं ग्रीस लावायचा, पण फ्रीव्हील मात्र घासलेटमध्ये धुऊन त्यात पातळ तेलाचे चारच थेंब सोडायचा. फ्रीव्हीलच्या पोटात दोन चिमुकले खटके असतात. मिस्त्री लोक त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की ते दात्यांत अडकून चाक ओढतात, पाय थांबले की टिकटिक करत दात्यांवरून घसरतात. "छर्र्याले ग्रीस, कुत्र्याले तेल," असं तो पाढ्यासारखं म्हणायचा. "कुत्र्याले ग्रीस देल्लं त हिवात ते गोठते अन् कुत्रे झोपून जातात. मंग मारत बसा पायडल!" शेवटी चाकाला कान लावून, डोळे मिटून ती टिकटिक ऐकायचा. ती मनासारखी आली नाही तर सायकल देत नसे, गिऱ्हाईक कितीही कावलं तरी.

मी तेव्हा पांढरकवड्याला नर्सिंगचा कोर्स करत होते. पहाटे सायकलने सहा किलोमीटरवरच्या फाट्याला जायचं, चहाच्या टपरीमागे सायकल ठेवायची आणि बस धरायची. मधला दोन किलोमीटरचा पट्टा जंगलाचा. त्या हिवाळ्यात वाघानं आधी एक गोऱ्हा नेला, मग नाल्यापलीकडच्या पोडावरचा, आदिवासी वस्तीतला, एक गुराखी. माझी आई, आमची याडी, म्हणाली, पुरे झालं शिक्षण. पोरगी घरी बसली की उन्हाळ्यात लग्नाचा मांडव पडतो, हे तांड्यावर कोणाला सांगावं लागत नाही. मला वाघाची भीती वाटत होती आणि मांडवाचीही. जास्त कोणाची, ते आजही सांगता येणार नाही.

त्यातच तांड्यावरच्या शहाण्यांनी शोध लावला, की सायकलच्या टिकटिकीनं वाघाला माणूस कळतो. माझे वडील, बापू, माझी सायकल घेऊन थेट टपरीवर गेले. मीही मागोमाग गेले.

"हा आवाज बंद कर," बापू म्हणाले, "नाही त पोरगी उद्यापासून घरी."

"बंद कराचा म्हंजे फ्रीव्हीलात ग्रीस कोंबा लागते, भाऊ. अन् हिवात..."

बापूंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी रडायच्या बेतात होते. त्याने फ्रीव्हील खोललं आणि बोटाने ग्रीस भरलं. चाक मुकं झालं. त्या दिवशी त्याने कान लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं इतकं होतं की पुढचं चाक दिसत नव्हतं. सायकल रात्रभर घरात चुलीपाशी होती, त्यामुळे तांड्यातून निघताना चाक झकास चाललं. जंगलात शिरेपर्यंत हात बधिर झाले. नाल्याचा उतार उतरले, चढाला पायडल मारलं, आणि पाय रिकामा फिरला. पुन्हा मारलं, पुन्हा रिकामा. सायकल मागे सरकायला लागली. मी खाली उतरले आणि तिथेच उभी राहिले. घाणेरीच्या झुडपांत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मी मेले, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात मागून, धुक्यातून, टिकटिक ऐकू आली. भेवमामा होता, आणि तो सायकलवर होता. तसंच ग्रीस एका जुन्या फ्रीव्हीलमध्ये भरून त्याने ते आदल्या संध्याकाळी बाहेर टांगून ठेवलं होतं. पहाटे बोटानं फिरवून पाहिलं तर कुत्रे झोपलेले, आणि मी तर निघून गेलेली. घासलेटची बाटली आणि गिऱ्हाइकाची सायकल उचलून तो सुटला होता.

"बोलू नको. झाडीकडं पाह्य, अन् घंटी वाजवत राह्य," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. त्याने माझी सायकल आडवी पाडली आणि बाटलीतलं घासलेट फ्रीव्हीलच्या फटीत ओतलं. निम्मं रस्त्यावरच सांडलं. तो चाक फिरवत राहिला, मी घंटी वाजवत राहिले. काळं ग्रीस ओघळलं आणि पहिलं टिक झालं. नाल्याच्या चिखलात पंजे होते. ते ताजे की कालचे, ते नंतर वनरक्षकालाही सांगता आलं नाही.

संध्याकाळी त्याने बापूंना तोंडावर सांगितलं, "आवाज राहीन. चूक माही आहे. मी जात जाईन संग." आणि होळीपर्यंत रोज पहाटे तो माझ्यापुढे सायकल चालवत फाट्यापर्यंत आला, वाटभर देवाचं नाव घेत. मी बसमध्ये बसायचे, पुस्तक उघडायचे आणि त्याला विसरून जायचे. कोर्स पूर्ण झाला. आता मी दुसऱ्या तालुक्यात नोकरी करते.

गेल्या थंडीत मामा तापानं गेला. मी भेटायला गेले तेव्हा मामीजवळ सहज म्हणाले, की मामा भित्रा खरा, पण तेव्हा माझ्यासाठी धीट झाला होता.

"कायचा धीट वं माय," मामी म्हणाली. "तुले बशीत बसवून तो त्या जंगलातून एकटा वापस ये. आला का दहा वाजेपर्यंत त्याच्यानं पाना धरवे ना. टपरीमागं बसून राहे. मी रोज म्हणो, उद्या नोका जाऊ. तो म्हणे, तिले जायाचं आहे ना उद्या."

येताना तो एकटा असायचा, हे त्या अख्ख्या हिवाळ्यात माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.