बी.ए. झालेला माणूस आणि हरिपूरचं पेव

पदवी मिळालेल्या मुलांपुढे चार शब्द बोला, असं वर्षातून एकदा तरी कोणीतरी मला म्हणतं. मी जातो. वेळेवर या, अक्षर नीट काढा, वरिष्ठांचा मान ठेवा, असं सांगतो, नारळ घेतो आणि घरी येतो. मुलं टाळ्या वाजवतात, कारण भाषण संपलेलं असतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या नोकरीत काय झालं ते मी तिथं कधी सांगितलेलं नाही. त्याला चार शब्द पुरत नाहीत, आणि ते ऐकून नारळ कोणी दिला नसता.

मी बी.ए. झालो तेव्हा लढाई चालू होती. कुंडलच्या पलीकडं आमचं गाव. त्या गावात माझ्याआधी कोणी बी.ए. झालेलं नव्हतं आणि माझ्यानंतर लवकर कोणी होईल अशी चिन्हंही नव्हती. सांगलीच्या कॉलेजातून मी तिसऱ्या वर्गात सुटलो. ‘सुटलो’ हा शब्द वडिलांचा. साखर कंट्रोलात होती म्हणून त्यांनी पेढ्यांऐवजी गूळ वाटला, आणि ज्यानं ज्यानं गूळ घेतला त्यानं त्यानं बदल्यात मला सल्ला दिला. फुकट कोणाचं खायचं नाही, ही गावाची रीतच होती.

शाळेचे मास्तर म्हणाले, अर्जावर डाग पडला की माणसावर पडला, तेव्हा अक्षर जप. तलाठी म्हणाले, कुठलाही कागद नक्कल केल्याशिवाय हातातून सोडू नकोस. तालमीतल्या वस्तादांनी सांगितलं, नोकरी असो नसो, दूध सोडू नगंस. आई म्हणाली, “येळेवर जेवत जा.” मी सगळ्यांना होय म्हटलं. बी.ए.ला लॉजिक हा विषय होता, त्यामुळे हे सगळे सल्ले एकाच माणसाला एकाच दिवशी पाळता येणार नाहीत एवढं मला कळत होतं, पण तसं बोलणं बरं दिसलं नसतं.

थोरले चुलते पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत निघाले होते आणि साताऱ्याला राहत होते. सरकारी कचेऱ्या तिथं, म्हणून वडिलांनी मला त्यांच्याकडं पाठवलं. मी दोन महिने राहिलो आणि अकरा अर्ज केले. एकाचं उत्तर आलं. अर्ज चुकीच्या कचेरीत आला आहे, असं त्यात लिहिलं होतं. चुलत्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते रोज पहाटे मला अंगणात ताठ उभं करायचे आणि नोकरी कशी करायची ते शिकवायचे.

“दोनच गोष्टी,” ते म्हणायचे. “आर्डर दिली की मागं घ्यायची न्हाई. मागं घेतली की माणसं दुसऱ्या दिवशी ऐकत न्हाईत. आन चूक झाली तर तोंड उघडायचं न्हाई. गप उभं ऱ्हायचं. सायेबाचं ध्यान दुसरीकडं जातंच.”

या दोन गोष्टींवर ते सुभेदार झाले होते. मला त्यात शंका घ्यायचं कारण नव्हतं.

शेवटी नोकरी मिळाली ती सांगलीत, एका हळदीच्या पेढीवर. मालकांना इंग्रजी पत्रं लिहिणारा माणूस हवा होता. लढाईमुळे रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मिळत नव्हत्या. वाघीण हवी तर अर्ज इंग्रजीत, आठवण इंग्रजीत, आणि मिळाली तर आभारही इंग्रजीत. मालक शांत, हळू बोलणारे गृहस्थ होते. पेढीवर बी.ए. झालेला माणूस आहे, हे ते गिऱ्हाइकाला मी शेजारी बसलेला असतानाच सांगायचे. नवा बैल दाखवावा तसं. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

पेढीची हळद हरिपूरला पेवांत असायची. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर तोंड एक माणूस जेमतेम जाईल एवढं, आत दोन पुरुष खोल आणि खोलीएवढं ऐसपैस. आतून गवत आणि चटया लावून हळद भरायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आत वारा नाही की कीड नाही. हळद दोन-दोन वर्षं जशीच्या तशी राहते. मात्र पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. कोंडलेली हवा विषारी होते. आदल्या दिवशी संध्याकाळी तोंड मोकळं करून ठेवायचं, आणि सकाळी पेटता कंदील दोरानं तळापर्यंत सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर थांबायचं. हा नियम हरिपुरात शेंबड्या पोरालाही पाठ होता. मालकांनी पहिल्याच आठवड्यात मला तो सांगितला आणि मी तो वहीत सुंदर अक्षरात लिहून ठेवला.

आमच्या पेवांचा मुकादम साठीकडं झुकलेला होता. तीस वर्षं तो या कामावर होता आणि पेवात पहिला उतरायचा तो नेहमी तोच. मला तो ‘बीए सायेब’ म्हणायचा. त्यात चेष्टा किती आणि मान किती, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. एके दिवशी संध्याकाळी स्टेशनवरून चिठ्ठी आली की उद्या वाघीण मिळेल, उद्याच भरली पाहिजे, नाहीतर दुसऱ्याला जाईल. तीन आठवडे आम्ही त्या वाघिणीच्या पाठीमागं होतो. मालक मिरजेला गेले होते. हरिपूरला निरोप पाठवून पेव उघडायला सांगायचं, एवढंच काम मला होतं. पण आधी स्टेशनमास्तरांना आभाराचं पत्र लिहावं असं मला वाटलं. पहिल्या कागदावर डाग पडला. दुसऱ्यात एक शब्द खटकला. तिसरा चांगला उतरला, मग त्याची नक्कल केली. तोवर दिवे लागले होते, नक्कल फाइलला लावली, आणि निरोप राहून गेला. गावातले शाळामास्तर आणि तलाठी दोघंही माझ्यावर खूश झाले असते.

सकाळी आठला मी सायकल हाणत हरिपूरला गेलो तेव्हा पेवावर अजून माती होती. मुकादमानं लगेच फरशी काढायला लावली. गाड्या येऊन उभ्या राहिल्या. दहाला त्यानं कंदील सोडला. निम्म्यातच विझला. मी म्हटलं, वाऱ्यानं विझला असेल. त्यानं पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला.

“तेल कमी असेल,” मी म्हणालो.

त्यानं कंदील माझ्या कानाशी हलवून दाखवला. तेल डुचमळत होतं.

“थांबूया, सायेब. दुपारपातूर हुईल.”

“वाघीण जाईल.”

“जाऊ द्या की. वागीन काय येकच हाय व्हय?”

“मुकादम, मी सांगतोय ना, उतरा.”

“आवं, जितं कंदील ऱ्हाईना, तितं मानूस काय ऱ्हानार?”

त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळत होतं. ते कळत होतं, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं अनेक वर्षं मी स्वतःला उलटं सांगत आलो. पण आठ-दहा हमाल बघत होते, गाडीवान बघत होते, आणि तोंडातून ऑर्डर गेलेली होती. मी म्हणालो, “जमत नसेल तर तसं सांगा. मी मालकांना दुसरा मुकादम बघायला सांगतो.”

 त्यानं पटका काढून बाजूला ठेवला, कमरेला दोर बांधला, दोन हमालांच्या हातात टोक दिलं आणि उतरला.

मी दहा-बारा आकडे मोजले असतील. दोर एकदम जड झाला. हमालांनी हिसडा मारून ओढायला सुरुवात केली. तोंड अरुंद, त्याचा खांदा अडकला. एकानं पालथं पडून त्याला बगलेत धरून वर घेतला. चेहरा काळानिळा पडला होता आणि डोळे उघडे होते. त्यांनी त्याला पालथा घातला, पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. मी नुसता उभा होतो. माझ्या हातात आभाराचं पत्र होतं, त्याचं पाकीट घामानं भिजलं. मग त्याच्या घशातून घरघर आली आणि त्यानं श्वास घेतला. इतका भेसूर आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि कुठल्या आवाजानं मला इतका आनंदही झालेला नाही.

दुपारी एकला कंदील जळत राहिला. हमाल उतरले, पोती निघाली, गाड्या लागल्या आणि दिवेलागणीला वाघीण भरली. मालगाडी तीन तास उशिरा आली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं. मुकादमाचा खांदा बांधलेला होता. मालकांनी विचारलं, “कंदील विझला होता म्हणे. मग उतरलात कसे?”

मुकादम म्हणाला, “चुकी झाली, मालक.”

मालक थोडा वेळ थांबले. तेवढ्या वेळात एक वाक्य सहज बोलता आलं असतं. मी गप उभा राहिलो. चुलत्यांचं म्हणणं खरं ठरलं, मालकांचं ध्यान दुसरीकडं गेलं. ते मुकादमाला म्हणाले, “तीस वर्षांचा माणूस नियम मोडायला लागला तर बाकीच्यांनी काय करायचं? उद्या कोणी मेला तर? तुम्ही आता घरी बसा.” त्यानं नमस्कार केला आणि तो गेला. मग मालकांनी माझ्या आभाराच्या पत्राची तारीफ केली. स्टेशनमास्तरांना ते फार आवडलं होतं.

चार दिवस मी पेढीवर जाऊन पत्रं लिहिली. मला स्वतःची शिसारी आली होती. पाचव्या दिवशी मी मालकांपुढं जाऊन सगळं सांगितलं. निरोप विसरलो तेही सांगितलं. नोकरी जाणार असं धरून मी वळकटी बांधून आलो होतो. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुम्ही त्याला उतरायला सांगितलंत हे मी समजू शकतो,” ते म्हणाले. “तुम्ही बी.ए. आहात. पण त्यानं ऐकलं, हे मला चालणार नाही. ज्याला कारकून पेवात ढकलू शकतो असा मुकादम मला नको.”

“मग मलाही काढा.”

“इंग्रजी लिहिणारे सगळे रेशनिंगच्या कचेरीत गेलेत. जा, कामाला लागा.”

मी हरिपूरला मुकादमाच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून एका हातानं बाज विणायचा प्रयत्न करत होता. त्याच्या बायकोनं मला गुळाचा चहा दिला. आणि ती लगेच आत गेली. मी मालकांना काय सांगितलं आणि ते काय म्हणाले, ते मी त्याला सांगितलं.

“तुमची नोकरी?” त्यानं विचारलं.

“आहे.”

“मग झालं तर.”

“तुम्ही त्याच दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?”

त्यानं दोरी ओढून घट्ट केली. “तुमी नवं. तुमास्नी काडलं आस्तं तर दुसऱ्या कुनी घेतलं नस्तं. मला वाटलं, माजी तीस वर्सं हाईत. मला काय काडत न्हाईत.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्याला त्याचा कंटाळा आला असावा. तो म्हणाला, “रडून काय हुतंय? लिवता येतं न्हवं? मग कागूद काडा. पेठंत दुसरी पेढी हाय, तिला मुकादम पायजे. लिवा, तीस वर्सात ह्याच्या हाताखालचा येक मानूस पेवात मेला न्हाई.”

मी लिहिलं. मग विचारलं, पहिलं काम का सुटलं, ते काय लिहू?

“म्हातारा झालो, आसं लिवा.”

मी तसं लिहिलं नाही. कंदील दोनदा विझला, मुकादमानं दोनदा नको म्हटलं, आणि मी नोकरीची भीती घालून त्याला उतरवलं, असं लिहून खाली माझी सही केली आणि त्याला वाचून दाखवलं. या खेपेला नक्कल ठेवली नाही. तो म्हणाला, “ह्येनं तुमचं वंगाळ हुईल.” मी म्हटलं, होऊ दे.

त्या पेढीच्या मालकांनी पत्र वाचलं आणि त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं. पत्र मात्र त्यांनी पेटीत ठेवलं नाही. महिनाभर ते बाजारात हातोहात फिरलं. इंग्रजीत असतं तर चारच लोकांना कळलं असतं, पण मी ते मराठीत लिहिलं होतं.

माझं वाईट असं काही झालं नाही. पगार वाढला, बढती मिळाली, लोक नमस्कारही करत राहिले. मी माझ्या जुन्याच पेढीत आणखी सहा वर्षं काढली आणि शेकडो पेवं उघडताना हजर राहिलो. हमाल कंदील सोडायचे. तो तळापर्यंत जळत जायचा आणि जळत वर यायचा. मग ते एकमेकांशी काही न बोलता, माझ्याकडं न बघता, तो आणखी एकदा खाली सोडायचे. मी तिथं नसलो की एकदाच सोडत, असं मला नंतर कळलं.