कुंदा मॅडमची दोरी

कुंदा मॅडमच्या हाती दोरी लागली की त्या ती पिळत बसत. बोलता बोलता पिशवीच्या बंदांना पीळ बसायचा आणि पिशवी आपोआप वर सरकायची. गोंदियाच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी विभागप्रमुख होतो, त्या नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापिका.

रोबोटची बोटं हलवायला आम्ही गिअर वापरायचो. हात जड आणि बोजड व्हायचा. मॅडमनी अंगठ्याएवढी मोटर आणि मासे धरायची दुहेरी दोरी आणली. मी हसलो.

"काऊन हसून राहिले सर? बैलबंडीवर धानाचे भारे आवळतानी दोरात दांडकं घालून पिळत नाहीत का? दोर आखूड होते, भारा आवळल्या जाते. दांडक्याच्या जागी मोटर. बस्स!"

महाविद्यालय पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांचं यंत्राचं बोट छान मिटलं. मला आणखी जोर दाखवायचा होता. मी मोटरीची कळ हाती घेतली.

"थांबा सर, आता पीळ नका देऊ. गाठी पडतात, तुटन."

पाहुण्यांदेखत कुणी मला थांबवावं, हे मला खपलं नाही. मी कळ फिरवली. दोरी ताडकन तुटली. "दोरीत दमच नाही," असं सगळ्यांना सांगून मी प्रकल्प बंद केला.

"दोरी तुटली नाही सर, तुम्ही तोडली," एवढंच बोलून मॅडम यंत्र डब्यात भरून जवळच्या नागरा गावी, आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यावरचं काम मात्र सोडलं नाही.

निवृत्तीनंतर अर्धांगवायूने माझ्या उजव्या हाताची बोटं निकामी झाली. एके सकाळी मॅडम दारात उभ्या. हातात एक हातमोजा होता. प्रत्येक बोटावर दोरी, मनगटामागे काड्यापेटीएवढ्या मोटरी. माझ्या उजव्या हातावर मोजा चढवून त्यांनी कळ माझ्या डाव्या हातात दिली. मी घाबरलो.

"फिरवा ना! तुमच्यासारखा माणूस भेटन म्हणून पीळ पुरा झाला की मोटर थांबते असं केलं. आता कितीबी फिरवा."

फिरवली. बोटं मिटली. बायकोने पुढे केलेला चहाचा पेला मी किती दिवसांनी स्वतः उचलला.

"मॅडम, त्या दिवशी ती दोरी..."

"मले माहीत आहे सर. चहा थंडा होऊन राहिला, प्या आधी."

त्यांना माहीत होतं. बाकी सगळ्यांसमोर मी दोरीलाच दोष दिला होता, म्हणून हे लिहिलं. मोजा घालून, उजव्या हाताने.