बाबांच्या वांग्यांखालचं गाव

भिलाईला पाहुणे यायचे ते कारखाना पाहायला. कॉलेजांच्या सहली यायच्या, त्यांना हेल्मेट घालून भट्टीपाशी नेत, वितळलेलं लोखंड दाखवत, बाहेर आल्यावर चहा-समोसा देत. रुंद रस्ते, नंबर टाकलेले सेक्टर, दुतर्फा झाडं. पाहुणे म्हणायचे, वा, माळावर काय शहर उभं केलंय. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. माळावर नव्हतं उभं केलं. तिथं गावं होती. माणसं होती, त्यांच्या गाई होत्या, तळी होती, बांधावरची भांडणं होती. पण या शहराला इतिहासच नाही असं सगळ्यांनी धरूनच चालायचं म्हटल्यावर हे सांगणार कुणाला?

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही पाच जणं मिळून पत्रकं काढायचो. हिंदीत लिहायची, सायक्लोस्टाइल करायची आणि शिफ्ट सुटताना गेटवर वाटायची. लिहिणं मी तिथंच शिकले. एका वाक्यात एकच आरोप, आणि ‘शायद’ हा शब्द कुठंही नाही. त्यातूनच पायी फेरीची कल्पना निघाली. शनिवारी कारखाना पाहिलेल्या सहलीला रविवारी सकाळी गाठायचं आणि दोन तास पायी हिंडवून या सेक्टरांच्या खाली काय गाडलंय ते सांगायचं. बाजारापाशी थांबायचं: इथं धानाची शेतं होती. शाळेच्या कुंपणापाशी थांबायचं: शहर बांधणारे मजूर इथं झोपड्यांत राहायचे, शहर बांधून झालं आणि झोपड्या उठल्या. शेवटचा थांबा पाण्याच्या टाकीजवळचं मैदान. तिथं मी आवाज खाली आणून म्हणायचे, तुम्ही आत्ता एका गावाच्या स्मशानावर उभे आहात. मुली पटकन पाय उचलायच्या. मला बरं वाटायचं.

अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथी सहल नागपूरच्या एका कॉलेजची होती, बारा मुलं-मुली आणि एक सर. म्हणजे ही फेरी मराठीत करायची होती, आणि मराठी मी फक्त घरात बोलायचे. पत्रकातलं हिंदी मराठीत उतरवायला गेले की गावं उठवल्याची कहाणी सांगण्याऐवजी मी धाकट्या भावाला रागावते आहे असं वाटायचं. म्हणून ठरवलं, या वेळी साक्षीदार आणायचा.

रेल्वे फाटकापलीकडच्या कुरुद गावात एक म्हातारी राहायची. सगळे तिला दाई म्हणत, म्हणजे आई. आमच्या सेक्टराखाली जे गाव गेलं त्या गावची ती सून. कारखान्यासाठी गाव उठलं तेव्हा हाताशी बारा वर्षांचा मुलगा, कडेवर एक मुलगी आणि पोटात एक घेऊन कुरुदला आलेली. तो मुलगा आता हथखोजच्या एका लहान कारखान्यात लागलेला. मी तिच्या घरी जाऊन, चला, तुमच्यावरचा अन्याय लोकांना सांगा, असं म्हटलं. ती म्हणाली, येईन, पण माझं एक काम कर.

तिच्या नातीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. छत्तीसगडी लग्नात सगळ्यात आधी चुलमाटी असते. बायका वाजतगाजत गावच्या तळ्याकाठी जातात, माती खणून पदरात घेतात आणि त्या मातीची लग्नाची चूल घालतात. दाईच्या दोन्ही मुलींची चूल कुरुदच्या तळ्याच्या मातीची झाली. माती चांगली होती, पण ती दुसऱ्यांच्या गावची. दोन्ही वेळेला, ती म्हणाली, मागून आणल्यासारखं वाटलं. आता ही घरातली शेवटची मुलगी. हिची तरी चूल आपल्या तळ्याच्या मातीची व्हावी. तळं बुजलं हे तिला माहीत होतं. त्याची जागा तेवढी दाखव, असं ती म्हणत होती.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मी नीट ऐकलंच नव्हतं. मी वहीत पत्रकाचं शीर्षक लिहीत होते.

माघातली सकाळ होती, हवेत गारवा होता. मुलानं दाईला सायकलच्या कॅरियरवर बसवून रेल्वेच्या फाटकापर्यंत सोडलं. बाजारापाशी मी धानाची शेतं सांगितली. दाई पेरू खात उभी. शाळेपाशी झोपड्या सांगितल्या. ती ओट्यावर बसली. मैदानात आल्यावर मी आवाज खाली आणला, स्मशानाचं वाक्य म्हटलं आणि तिच्याकडे वळले. आता बोलेल, रडेलही, असं मला वाटलं.

दाईनं इकडेतिकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "नोनी, इहां मरघट नइ रिहिस. इहां तो हमन दिसा-मैदान जावत रेहेन."

नागपूरच्या पोरांना छत्तीसगडी येत नसली तरी एवढं सगळ्यांना कळलं. इथं स्मशान नव्हतं, पोरी, इथं आम्ही सकाळी लोटा घेऊन यायचो. आधी एकाला खोकला आला, मग सगळ्यांनाच. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. या वेळी मुलींनी खरोखरच पाय उचलले.

ही जागा कुणी सांगितली होती मला? कुणीच नाही. मैदान मोकळं होतं, तिथं पन्नास माणसं उभी राहू शकत होती, आवाज लांबवर जात होता. भाषणाला जागा चांगली म्हणून मी तिथं स्मशान आणून ठेवलं होतं. आणि तीन फेऱ्यांत एकदाही ‘शायद’ म्हटलं नव्हतं.

त्यानंतर फेरी दाईनं ताब्यात घेतली. ती मुख्य रस्ता सोडून क्वार्टरांच्या मागच्या बाजूला वळली आणि आम्ही मागोमाग. मागची बाजू म्हणजे सगळ्या बाड्या, भाजीपाल्याच्या परसबागा. बिहारचा असो, आंध्रचा असो की आमच्यासारखा विदर्भातला, ज्याला क्वार्टर मिळालं त्यानं मागं तार ओढून बाडी केलीच. दाई प्रत्येक कुंपणापाशी वाकायची, तारेतून हात घालून चिमूटभर माती घ्यायची, बोटांत चुरडायची आणि टाकून द्यायची. लाल मुरमाड माती. भाठा, म्हणजे पडीक माळ, ती म्हणायची आणि पुढं चालायची. पोरं आता वह्या काढून माझ्याऐवजी तिच्याकडे पाहत होती. दोनेक ओळी अशा झाल्या आणि माती काळपट व्हायला लागली. मी मनात घरं मोजत होते. पुढचं वळण घेऊ नये असं मला फार वाटत होतं.

दाईनं ते घेतलं. चौथ्या बाडीपाशी तिनं हात घातला, माती मुठीत दाबली, मूठ उघडली. ढेकूळ तसंच राहिलं. तिनं ते नाकाशी नेलं आणि तिथंच खाली बसली. कुंपणापलीकडे वांगी होती, काळीभोर, चकचकीत, वजनानं झाडं वाकलेली.

"ये बारी काखर आय?" तिनं विचारलं. ही बाडी कुणाची?

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं? पण बारा वह्या उघड्या होत्या.

"माझ्या बाबांची," मी म्हटलं. एका मुलीनं ते लिहूनसुद्धा घेतलं.

बाबा कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. त्यांच्या वांग्यांचं सेक्टरभर नाव होतं. शेजारीपाजारी भरीत केलं की आधी त्यांना चाखायला आणून द्यायचे. काय खत घालता, कुणी विचारलं की ते हात पुढं करून म्हणायचे, याचा गुण आहे. आणि त्यांचं कुंपण नियमापेक्षा बरंच पुढं सरकलेलं होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. म्हणजे रोजच दिसत होतं.

ते बनियनवर खुरपी घेऊन बाहेर आले. एवढी जनता पाहून थबकले.

"आता काय घेऊन आली?" त्यांनी मला विचारलं. "तुले म्हटलं होतं ना, लोकायले कुठंबी फिरव, घराकडे आणू नको."

मी सगळं सांगितलं. गाव, तळं, नात, चूल. बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते. वाजंत्री घेऊन बायका येणार, खणणार, गाणार; मग टाउनशिपचा कुणीतरी येणार, तार मोजणार आणि बाडी जाणार, असं त्यांचं म्हणणं. माती लागतच असेल तर एक पाटी भरून देतो, घेऊन जा म्हणावं. पण ती तशी नेऊन चालत नाही. ती बायकांनी वाजतगाजत येऊनच घ्यायची असते, नाहीतर ती नुसती माती.

माझा संताप झाला. "बाबा, ही जमीन तुमची नाहीच," मी म्हणाले. "यांची आहे. तुम्ही कुंपण घालून बसलात."

"अन् वांगे कोनाचे खाऊन राहिली तू वीस वर्षांपासून?"

तेवढ्यात आई मागच्या दारातून म्हणाली, "अवो, त्या म्हातारीले बसू तर द्या आधी. धुळीत बसली ते."

"नोनी, तैं चुप रह," दाई मला म्हणाली. ती उठली, तार वर करून सरळ आत गेली आणि बाबांशी बोलायला लागली. ती छत्तीसगडीत, ते अर्धं मराठी अर्धं हिंदीत. मला वाटलं आता गावाचं दुःख निघेल. निघालं भलतंच. इथं तळ्याचा काठ होता, तिनं सांगितलं. दर उन्हाळ्यात गाळ काढून इथंच टाकायचे, पिढ्यान् पिढ्या. या जागेत काठी रोवली तरी तिला पानं फुटतील. वांग्याचं काय घेऊन बसलास.

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. सेक्टरभर मिरवलेलं नाव एका वाक्यात तळ्यात गेलं. त्यांनी खुरपीनं एक ढेकूळ उकरून हातात घेतलं.

"म्हंजे माह्या हाताचं काहीच नाही?" त्यांनी विचारलं.

दाई हसली. म्हणाली, असं नाही. तिच्या सासऱ्याची बाडी नेमकी इथंच होती आणि त्याला जन्मभर इथं धड एक वांगं आलं नाही. सगळं गाव हसायचं त्याला.

आता बाबाही हसले. मग दोघं खाली बसून कुठल्या वाफ्यात धान कसं यायचं, तळ्याला पाणी कुठून यायचं, यावर अर्धा तास बोलले. आईनं सगळ्यांना चहा केला. कप पुरेनात म्हणून पोरांनी पाळीपाळीनं घेतला. बाबा उठताना मला म्हणाले, "येऊ दे बायायले. कोणी विचारलं त लग्न आहे म्हणून सांगीन. खोटं थोडीच आहे."

लग्नाच्या पहिल्या दिवशी दुपारी कुरुदहून बायका आल्या. डफडं, निशाण नावाचा नगारा, हळदी रंगाच्या साड्या. खणायचं काम जावयाचं असतं. नातीचा आतोबा सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आला होता. त्यानं वांग्याच्या ओळीत पहिला घाव घातला आणि बाबांना राहवेना. मुळं तोडतोस, थांब, म्हणत त्यांनी सब्बल स्वतः हातात घेतली. दाईनं दाखवली त्या जागची चार झाडं त्यांनी आधी मुळासकट हळूच उपटून बाजूला ठेवली आणि मग खणायला लागले.

त्यांना एक माहीत नव्हतं. जो माती खणतो त्याला बायकांनी गाण्यातून चिडवायचं असतं. याला खणता येत नाही, याला कुणी शिकवलं नाही, याच्या आईनं याला नुसतं खाऊ घातलं, असं काय काय. डफड्याच्या ठेक्यावर पंधरा बायका भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या पोराला सांगत होत्या की तुला माती खणता येत नाही. शब्द निम्मे कळले असतील, पण बाबा लाल झाले, मग जोरात खणायला लागले, तर गाणं आणखी चढलं. आई पदर तोंडाला लावून ओट्यावर बसून हसत होती. शेजारच्या क्वार्टरातून कुणीतरी डोकावून विचारलं, काय चाललंय? बाबा सब्बल न थांबवता म्हणाले, "लग्न आहे."

तपासायला कुणी आलं नाही. मीही माझं काम नीट केलं. फेरीतून मैदान काढून टाकलं. पुढच्या पत्रकात छापलं की मैदानात स्मशान नव्हतं, गावाचं तळं अमुक ठिकाणी होतं, आणि त्याचा काठ आमच्याच घरानं कुंपणात घेतलेला आहे. आमच्यातले दोघं म्हणाले, अशानं चळवळीची धार जाते. मी म्हटलं, जाऊ दे. गाव उठलं त्याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे, तो एका वाफ्यानं फिटत नाही. पण राग योग्य जागी उभं राहून करावा एवढी शिस्त मला आली.

त्या दुपारी खणून झालं तसं दाईनं एकेकीच्या पदरात ओंजळ ओंजळ माती घातली. माझ्यापाशी आली, थांबली, आणि माझी ओढणी ओढून तिच्यातही घातली. मग सगळ्या निघाल्या, फाटक ओलांडून कुरुदपर्यंत, मी शेवटची. ओली माती फार जड असते. ओढणीचं टोक दोन्ही हातांत धरून मी चालले, घोषणा नाही, भाषण नाही, पुढं गाणं चाललेलं.

मांडवात दाईनं ती माती कालवली. तीन बाजू उभ्या केल्या, अंगठ्यानं दाबून दाबून काठ गोल केले. मध्येच एक बारीकसं मूळ हाताला लागलं, ते काढून फेकलं. नात शेजारी हळद लावून बसली होती, तिला नीट दिसावं म्हणून दाई जरा सरकली. चूल ओलीच होती. दाईनं हात मागं घेऊन ती एकदा पाहिली, आणि माझ्याकडे न बघताच, घरच्या पोरीला सांगावं तसं, हात धुवायला पाणी मागितलं.