काका, नाक पुसा

आमच्या घरमालक काकांइतकं हट्टी, रडवं आणि लाघवी बाळ उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. वय साठीच्या पुढे, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि आवाज असा, की सातपूरच्या आपल्या ओसरीवर ते नुसते खाकरले तरी कारखान्यातल्या पाळीवरून घरी निघालेला माणूस सायकलवरून खाली उतरायचा. जन्म गेला एस.टी.त कंडक्टरकी करण्यात. निवृत्त झाले, पण घंटा सुटली नाही. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी एक दोरी ओढून घेतली होती आणि तिच्या टोकाला पितळी घंटा. जेवताना दोनदा ओढली की काकींनी पोळी वाढायची, एकदा ओढली की थांबायचं. काकी कसल्या ऐकतात! थांबायची घंटा झाली तरी त्या पोळी टाकायच्याच, मग काका ओरडायचे, "अगं, सिंगल दिली ना? सिंगल दिल्यावर गाडी पुढं नेतात का कुठं?" माणसांचेही त्यांच्याकडे दोनच प्रकार, फुल आणि हाफ. खोटं बोलणारा, बायकोवर डाफरणारा तो हाफ. माझा दादा फुल. मी एकदा भीत भीत विचारलं, "आणि मी?" तर म्हणाले, "तुझं अजून ठरायचं हाय."

ते मात्र खरं होतं. मी पार तिकडची, किनवटची. धाकटी भावंडं सांभाळायला म्हणून सातवीतच शाळा सुटली. दादा सातपूरला कारखान्यात लागला, त्याच्या भाकरी करायला मला इथे आणलं. त्या वर्षी नाशकातल्या एका कॉलेजात बालसेविकांचा, म्हणजे बालवाडी चालवणाऱ्या बाईंचा, वर्ग निघाला, आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलींसाठीही थोड्या जागा आहेत, अशी बातमी काकींनी कुठूनशी आणली. पण आधी खऱ्याखुऱ्या मुलांसमोर पाठ घेऊन दाखवायचा होता. दादाने सांगून टाकलं, "घेतलं तर शीक. नाही घेतलं तर दिवाळीला गावी. आईनं स्थळ बघून ठेवलंय."

"सरावाला मी मुलं कुठून आणू?" असं मी काकींपाशी रडले, ते ओसरीवर ऐकू गेलं. काका आत आले, टोपी काढून कोनाड्यात ठेवली आणि जमिनीवर फतकल मारून बसले. "पोरी, माझी जिंदगी गेली हाफ तिकिटात. पोरगं फुकटात बसवायला आया लय खोटं सांगायच्या. मी नुसते गुडघे बघून वय सांगायचो. पोरांचं मला शिकवू नको. चल, मी बाळ. भरव शाळा!" आणि त्यांनी असं भोकाड पसरलं, की माझ्या हातातली पाटी पडली.

मग रोज दुपारी ओसरीवर शाळा. बाळ रोज वेगळं. एके दिवशी ते चावायचं, दुसऱ्या दिवशी रुसून धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायचं, तिसऱ्या दिवशी हातपाय आपटत "आई पायजे" म्हणायचं. काकी आतून सांगायच्या, "अहो, दूधवाला आलाय. रडणं आवरा जरा." त्यावर ओसरीवरून उत्तर, "मी दूद नाय पिनार!" एकदा शेजारचे कारकून काही कामाने आले, तर काका खाटेखाली तोंडात अंगठा घालून बसलेले. ते आल्या पावली परत गेले आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरल्याचं गल्लीभर सांगत सुटले. "सांगू दे," काका खाटेखालूनच म्हणाले, "हाफ हाय तो."

माझी अडचण वेगळीच होती. या मिशाळ बाळाला 'अरे' म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हणायची, "बाळ, आपण रडू नका." बाळ ताडकन उठून बसायचं. "आपण? मी काय कलेक्टर हाय?" शेवटी मी कशीबशी एक वाट काढली. "काका, नाक पुसा. मग आपण दोघं गाणं म्हणू." एवढ्यावर मात्र ते गप्प व्हायचे, धोतराच्या सोग्याने नाक पुसायचे आणि शहाण्यासारखे टाळ्या वाजवायला लागायचे.

पाठाच्या दिवशी टेबलामागे तीन बाई, समोर वस्तीतली पोरं. मी गोष्ट सुरू केली आणि पहिल्याच वाक्याला एक पोरगा जमिनीवर आडवा पडून किंचाळायला लागला. माझी गोष्ट गेली. डोळ्यांपुढे दिवाळी उभी राहिली. आणि तोंडातून आपोआप निघालं, "काका, नाक पुसा."

पोरगा थबकला. त्याने मागे वळून बघितलं, काका कुणी नव्हते. "मी?"

"हो, तुम्हीच. नाक पुसा, मग आपण दोघं गाणं म्हणू."

त्याने अगदी कर्त्या माणसासारखं सदऱ्याने नाक पुसलं आणि उठून उभा राहिला. शेजारची चिमुरडी लगेच म्हणाली, "मला बी काका म्हना!" तिन्ही बाईंनी तोंडाला पदर लावले. त्यांतल्या मोठ्या बाईंनी विचारलं, "मुलांशी असं बोलायला कुठे शिकलात?" मी म्हटलं, "घरमालकांकडे." आता संपलंच, असं मला वाटलं.

पण त्यांनी मला घेतलं. काकांना सांगितलं तर एकच शब्द बोलले, "फुल." आज इतक्या वर्षांनीही माझ्या बालवाडीत कुणी भोकाड पसरलं की मी त्याला काकाच म्हणते.

वर्गासाठी वसतिगृहातच राहावं लागणार होतं. निघायच्या सकाळी काकी कानाशी म्हणाल्या, "उठल्यापासून खांबाला टेकून बसलेत. चहासुद्धा नाही घेतला. आज कुठलं बाळ काढलंय, कोण जाणे." मी पाया पडले. काका वर बघेनात.

"काका, नाक पुसा," मी म्हटलं.

त्यांनी पुसलं. गाणं मात्र माझ्याच्याने म्हणवलं नाही.

दादाने ट्रंक ठेवली, मी रिक्षात बसले. मागे काकांनी हात वर करून दोरी ओढली. घंटा वाजली, एकदाच. रिक्षावाल्याला एस.टी.ची भाषा कुठली कळायला. त्याने गाडी पुढे काढली. वळण येईपर्यंत मी दुसऱ्या घंटेसाठी कान लावून बसले होते.