स्टेशन का पंचवटी?

"पंचवटीच्या जानकीबाई गेल्या, विषमज्वरानं," असा निरोप नाशिकहून आलेल्या एका गृहस्थांनी आमच्या इगतपुरीच्या घरी दिला, तेव्हा कोण जानकीबाई हे मला क्षणभर उमगलेच नाही. मग एकदम उमगले... आमची बनू! सासरी ठेवलेले ते नाव आम्हा मैत्रिणींच्या तोंडी कधी बसलेच नव्हते.

लग्नानंतर दोनच वर्षांत तिचा नवरा वारला. तेव्हापासून स्वयंपाकघर, देवघर आणि मागची विहीर, एवढेच तिचे नाशिक. एकदा मी आणि सुमन मुद्दाम गेलो आणि देवदर्शन करवतो म्हणून तिला सासूबाईंकडून दिवसभरासाठी मागून घेतली. काळाराम झाला, गोदेत पाय बुडवून झाले. सीतागुंफेच्या बुटक्या दाराशी मात्र ती थबकली. "तुम्ही या जाऊन. आत तर मी रोजच असते."

मग सुमनने टांगा ठरवला आणि आम्ही सासूबाईंना न विचारताच पांडवलेण्यांवर गेलो. बनू आमच्या पुढे पायऱ्या चढली. एका रिकाम्या लेण्यात शिरून तिने स्वतःलाच मोठ्याने हाक मारली, "बनूऽऽ!" भिंतींनी ती हाक परत दिली. "किती दिवसांनी मला कुणी हाक मारली गं!" म्हणाली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

परतताना सुमनने मनातले बोलून दाखवले. पुण्याला नर्सचे शिक्षण मिळते, राहायचीही सोय होते. "आत्ता अशीच आमच्याबरोबर गाडीत बस." गावाशी आल्यावर टांगेवाल्याने विचारले, "बाई, स्टेशन का पंचवटी?" आम्ही दोघी तिच्याकडे पाहत राहिलो. ती घोड्याच्या पाठीकडे पाहत राहिली...

"मी पळाले, तर माझ्या धाकट्या बहिणीला सून म्हणून कोण करून घेईल?" ती म्हणाली, आणि टांगेवाल्याला तिनेच सांगितले, "पंचवटी."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. बनूच्या लुगड्याला कुसळे चिकटली होती. "देवळात कुसळं कुठली गं?" एवढेच त्यांनी विचारले आणि तिला आत घेऊन कडी घातली. पुढे आम्ही गेलो की ओटीवर बसायचो, मध्ये सासूबाई. धाकटीचे लग्न झाले, तिला मुलगाही झाला. पण बनूने पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही, आणि सासूबाईंसमोर आम्हालाही काढता येईना.

परवा भेटायला गेले. तिच्या खोलीत दांडीवर तिचे लुगडे अजून वाळत घातलेले होते. सासूबाई माझ्याजवळ येऊन टेकल्या. त्याही ऐन तरुणपणी विधवा झालेल्या, त्याच घरात म्हाताऱ्या झालेल्या. बराच वेळ लुगड्याकडे पाहत होत्या. मग माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या,

"त्या दिवशी परत कशाला आणलीत गं तिला?"